व्हिक्टोरियन काळातली कामगारांची घरे : बांधणी, ओल आणि दुरुस्ती

ओळंबा

इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या, रेल्वेच्या आणि खाणींच्या गावांत १८४० ते १९०० या काळात कामगारांसाठी घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांतली असंख्य घरे आजही राहती आहेत. त्यांच्याबद्दल प्रश्न निघाला की तो बहुतेक वेळा एकच असतो : भिंतीला ओल आहे, काय करू? त्याचं उत्तर घराच्या बांधणीत आहे, म्हणून आधी बांधणीबद्दल लिहितो.

सगळ्यात साधा नमुना म्हणजे दोन खोल्या खाली, दोन वर. दर्शनी रुंदी १२ ते १५ फूट. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकाची आणि वावरायची खोली, दोन्हींच्या मधून आडवा जिना. जिना जेमतेम अडीच फूट रुंद आणि आपल्याकडच्या माळ्याच्या जिन्यासारखा उभा. मागच्या खोलीला लागून मोरी : दगडी सिंक आणि कोपऱ्यात विटांत बांधून काढलेला कपडे उकळायचा हंडा, त्याच्याखाली चूल. परसाच्या टोकाला संडास, त्यामागे गल्ली. परसाच्या भिंतीत खाली बुजवलेलं छोटं दार दिसलं तर तिथून मैला आणि राख काढून नेत असत.

भिंती ९ इंची, भरीव, आत पोकळी नाही. सांधा चुन्याचा. पाया म्हणजे खाली पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत गेलेलं विटकाम, कित्येकदा दीड-दोन फूटच खोल. पुढच्या खोलीला लाकडी तरंगती जमीन आणि खाली हवा खेळायला पोकळी. मागची खोली आणि मोरी इथे फरशी थेट राखेवर किंवा मातीवर बसवलेली. छपराला वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या चिपा, शाळेतल्या पाटीचाच दगड. रेल्वे आल्यावर तो देशभर स्वस्तात पोहोचला.

घर कधीचं, हे आधी विचारा. काचेवरचा कर १८४५ मध्ये, विटेवरचा १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये उठला, त्यानंतर तावदानं मोठी होत गेली. १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आणि १८७७ चे नमुना उपनियम आले, मग चित्रच बदललं. गाडीरस्ता किमान ३६ फूट रुंद, घरामागे किमान १५० चौरस फूट मोकळी जागा, भिंतीत डीपीसी, म्हणजे जमिनीची ओल वर चढू न देणारा थर. उपनियम प्रत्येक नगरपालिकेने आपापल्या वेळी स्वीकारले, त्यामुळे १८८० चं घर दिसलं की डीपीसी असणारच असं धरून चालू नका. जमिनीलगतचा सांधा बघा. डीपीसी असली तर पाटीच्या चिपांचे दोन थर, डांबराची काळी रेघ किंवा निळसर कडक विटांच्या दोन ओळी, यांपैकी काहीतरी दिसेल.

वाडासंस्कृती

छान धागा. पाठीला पाठ लावलेली घरं यात धरायची का? ती १९०९ च्या कायद्याने बंद झाली ना?

लीड्सकर

@वाडासंस्कृती, धरायलाच हवीत. १९०९ च्या कायद्याने नव्या बांधकामाला बंदी आली हे खरं, पण ज्यांचे नकाशे आधीच मंजूर झाले होते ती वगळली गेली. लीड्समध्ये त्या वाटेने १९३७ पर्यंत अशी घरं बांधली गेली. उलट मँचेस्टरने १८४४ मध्येच प्रत्येक घराला संडास सक्तीचा केला आणि तिथे हा प्रकार तेव्हाच संपला.

रचना अशी : एका मजल्यावर एकच खोली. चारांपैकी तीन भिंती शेजाऱ्यांशी सामायिक, खिडकी-दार फक्त पुढच्या भिंतीला. छपराचं एक पाखं तुमचं, दुसरं पाठीमागच्या घराचं, आढं दोघांचं. बर्मिंगहॅममध्ये इंज स्ट्रीट आणि हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा असा एक अख्खा चौक जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने जपलाय, २००४ पासून तो बघायला खुला आहे. मधल्या अंगणात सामायिक धुण्याची खोली आणि संडास आहेत.

सगळ्यांनाच खुराडी म्हणणं चूक ठरेल. लीड्समध्ये १८६६ पासून आठ-आठ घरांचेच गट बांधायची मर्यादा आली आणि गटांच्या मध्ये संडासांसाठी मोकळी जागा सोडावी लागली. त्यानंतरच्या घरांत पोटमाळा, तळघर आणि पुढे घरातलाच संडास आला. ती आजही भक्कम आहेत.

आजचा त्यांचा मुख्य प्रश्न आरपार हवा नसण्याचा आहे. एकाच खोलीत स्वयंपाक, आंघोळीची वाफ वरच्या मजल्यावर, आणि बाहेर पडायला एकच भिंत. पंख्याची नळी पुढच्या भिंतीतून किंवा छपरातूनच काढावी लागते. नळी आडवी नेताना बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, नाहीतर गारठलेलं पाणी पंख्यातून उलटं घरात ठिबकतं. बटण दाबून चालू करायच्या पंख्यापेक्षा मंद गतीने चोवीस तास चालणारा पंखा इथे जास्त उपयोगी.

तावदान

मुंबईशी एक धागा जुळतो. लंडनच्या १८९४ च्या बांधकाम कायद्यात घरामागच्या मोकळ्या जागेसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. म्हणजे १ फूट मोकळ्या जागेला २ फूट उंची. मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड-वाऱ्यासाठी हाच कोन लावून धरला होता. चाळ आणि कॉटेज हे नमुने पूर्ण वेगळे, पण मोजपट्टी एकच.

लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात प्रिन्स अल्बर्ट यांच्या पुढाकाराने हेन्री रॉबर्ट्स यांनी उभारलेलं चार कुटुंबांचं नमुनाघर इथे सांगायला हवं. विटा पोकळ, जिना बाहेरून मोकळा, प्रत्येक कुटुंबाला तीन झोपायच्या खोल्या आणि आपला संडास. पुढे ते केनिंग्टन पार्कमध्ये हलवलं, आजही तिथे उभं आहे. आई-वडील, मुलगे आणि मुली यांना वेगवेगळं निजता यावं म्हणून तीन खोल्या. त्या काळी हा मोठा विचार होता. सॉल्टेअर हे गिरणीगावही विसरू नका : टायटस सॉल्ट यांची गिरणी १८५३ मध्ये सुरू झाली, लॉकवुड आणि मॉसन यांनी गावाची आखणी केली, आठशेहून जास्त घरं. तिथे मुकादमाचं घर आणि साध्या कामगाराचं घर दर्शनी भागावरूनच ओळखू येतं.

नवखा_बांधकामात

मूळ प्रश्नाकडे येऊ का? खालच्या मजल्यावर भिंतीचा रंग सुटतोय, पांढरा लोणा आलाय, गिलावा ठोकला की पोकळ वाजतो. सर्वेक्षणाच्या अहवालात 'चढती ओल' असं लिहिलेलं असतं आणि सोबत केमिकल इंजेक्शनचा, म्हणजे भिंतीत ओलरोधक रसायन भरायचा भाव. असं असेल तर काय करावं?

चुनेगच्ची

इंजेक्शनवर एक पैसा घालायच्या आधी भिंतीचा नमुना वाचा.

ओल जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंत, वर वेडीवाकडी पिवळट रेघ आणि रेघेवर लोणा, असं असेल तर पाणी खालून येतंय. डाग एकाच जागी, वरच्या अंगाला आणि पावसानंतर गडद होणारा असेल तर पन्हाळ किंवा पाण्याची नळी बघा. कपाटामागे किंवा कोपऱ्यात काळी बुरशी असेल तर ती घरातलीच वाफ. फक्त धुरांड्याच्या भिंतीवर तपकिरी डाग असेल तर तो जुन्या कोळशाच्या काजळीतल्या क्षारांचा. हे क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात, त्यामुळे भिंत कोरडी असली तरी दमट दिवशी डाग उमटतो.

टाचणीचं मीटर लाकडासाठी बनवलेलं आहे. विटेत क्षार असले की ते भरमसाट आकडा दाखवतं. भिंतीतलं खरं पाणी मोजायचं तर भिंतीला भोक पाडून आतला चुरा काढतात आणि कार्बाइड मीटरमध्ये तपासतात. लाकडाला मात्र टाचणीचं मीटर लावा. तुळईत २० टक्क्यांच्या वर ओल असेल तर बुरशीला रान मोकळं.

मग बाहेर जा. बाहेरची जमीन डीपीसीपासून किमान १५० मिमी खाली हवी. शंभर-सव्वाशे वर्षांत फरशीवर फरशी, त्यावर डांबर, त्यावर फुलझाडांचा वाफा असं चढत जातं आणि डीपीसी जमिनीखाली गडप होते. कधी बाहेरचा सिमेंटचा गिलावा थेट जमिनीला टेकतो आणि डीपीसीला वळसा घालून पाणी वर नेतो. अशा ठिकाणी चर खणून पातळी उतरवा, गिलाव्याची खालची कड कापा आणि थांबा. भिंत सुकायची अंदाजपट्टी दर इंचाला एक महिना. ९ इंची भिंतीला नऊ महिने. त्याआधी आत नवा गिलावा केला तर लोणा पुन्हा बाहेर येईल आणि दोष बिचाऱ्या गिलाव्याला लागेल.

शहाबादी

@चुनेगच्ची, बाकी सगळ्याला +१, पण इंजेक्शन सरसकट निकालात काढू नये. १८५० च्या आसपासच्या घरात डीपीसी मुळातच नसते, काही ठिकाणी रस्ताच उंच असल्याने बाहेरची पातळी उतरवता येत नाही. तिथे सांध्यांच्या ओळीत सिलेन क्रीम (पाणी अडवणारं रसायन) भरल्याने फरक पडतो. भोकं विटेत न पाडता चुन्याच्या सांध्यात पाडावीत, दर १२० मिमीवर, भिंतीच्या जवळजवळ पूर्ण जाडीइतकी खोल. भोकात चुरा राहिला तर क्रीम पसरत नाही, म्हणून आधी फुंकून साफ करा.

चुनेगच्ची

मान्य, पण पातळी, पन्हाळ आणि गिलावा ही तीन कारणं दूर करून भिंत सुकायला वेळ दिल्यावर मगच. आणि इंजेक्शनबरोबर आतून एक मीटर सिमेंटचा गिलावा करतात, तो तर नकोच. तो ओल झाकतो, पाणी त्याच्या मागून वर चढतं, आणि दीड मीटरवर नवी रेघ उमटते. आतून चुन्याचाच गिलावा हवा.

दर्जांबद्दल, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या भरणीबद्दल, सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथेच होते. जुनी वीट मऊ, सांधा तिच्याहून मऊ. पावसाचं पाणी भिंतीत शिरतं आणि सांध्यातून सुकून बाहेर पडतं. सांध्यात सिमेंट भरलं की ती वाट बंद होते आणि पाणी विटेच्या तोंडातून बाहेर यायला बघतं. थंडीत ते तिथेच गोठतं. अशी भिंत जवळून बघा : विटेचा भाजका पापुद्रा नखाएवढ्या जाडीने सुटलेला, आत बोट फिरवलं तर नारिंगी चुरा हाताला लागतो, आणि सिमेंटचा सांधा मात्र रिकाम्या चौकटीसारखा पुढे उभा.

दुरुस्ती : जुना सांधा रुंदीच्या दुप्पट, किमान २० ते २५ मिमी खोल उकरा. हातोडी आणि बारीक छिन्नीने. ग्राइंडर लावला की विटेच्या कडा कापल्या जातात आणि त्या परत येत नाहीत. धूळ झाडा, विटा भिजवा, पण वर पाणी चमकत राहता कामा नये. मसाला एनएचएल ३.५ (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) चा एक भाग आणि जाडी-बारीक मिसळीच्या धारदार वाळूचे तीन भाग. वीट फार मऊ असेल तर एनएचएल २. मसाला पाणचट केलात तर सुकताना चिरतो, मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतकाच ओला ठेवा. दाबून भरा, अंगठ्याचा ठसा उमटेनासा झाला की ताठ केसांच्या ब्रशने ठोकून घ्या. त्याने वरची साय मोडते आणि सांध्याला श्वास घ्यायला खडबडीत तोंड मिळतं. मग ओलं गोणपाट तीन-चार दिवस तरी. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम काढूच नका. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरनंतर भरलेला सांधा वसंतात वाळूसारखा गळून पडलेला दिसतो, त्याचं कारण हेच.

गिरण्यांच्या शहरांत सांधा काळा दिसला तर घाबरू नका. चुन्यात कोळशाची राख घाणीत दळून घालायचे, आपल्याकडे सुरखी घालतात तसं.

ओळंबा

पुढच्या भिंतीबद्दल एक धोक्याची खूण. दर्शनी भागाला महागडी वीट आणि मागे स्वस्त वीट, अशी ९ इंची भिंत असते. दोन्ही थर एकमेकांत बांधायला आडव्या विटा आरपार जायला हव्यात. पैसे वाचवायला त्या अर्ध्या तोडून नुसतं तोंड दिसेल अशा बसवल्या. बाहेरून बांधणी झकास दिसते, आत मात्र साडेचार इंचांच्या दोन सुट्या भिंती उभ्या असतात. त्यात तुळया बाजूच्या भिंतींवर टेकलेल्या असतील तर पुढच्या भिंतीला धरून ठेवणारं काहीच नाही. ती हळूहळू फुगते.

वरच्या खिडकीतून ओळंबा सोडून बघा. एका मजल्याच्या उंचीत भिंत २५ मिमीपेक्षा जास्त कललेली किंवा १० मिमीपेक्षा जास्त फुगलेली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. उपाय साधारण दोन पायऱ्यांचा : दोन्ही थर स्टीलच्या पिळदार सळ्यांनी शिवणं, आणि मजल्याच्या पातळीवर ३० × ५ मिमीच्या पट्ट्या दर २ मीटरवर किमान तीन तुळयांना बांधून भिंत मागे धरणं. पट्टीखाली तुळयांच्या मधल्या फटीत ठोकळे घट्ट बसवायला विसरू नका, नाहीतर ओढ एकट्या पहिल्या तुळईवर येते.

खिडकीवर बाहेरून विटांची कमान आणि आतून लाकडी पाटण असते. पाटण कुजली की आतला विटांचा थर खाली बसतो, खिडकीवर तिरकी भेग दिसते. भेगेत मसाला भरण्याआधी पाटणीत पेचकस खुपसून बघा.

नवखा_बांधकामात

चर, पातळी, कार्बाइड मीटर, सगळं टिपून घेतलं. लाकडी जमिनीचं काय? पुढच्या खोलीत चालताना जमीन लवते.

शहाबादी

आधी जाळीच्या विटा शोधा. पुढच्या आणि मागच्या भिंतीत जमिनीलगत भोकांच्या विटा असतात, त्यांतून हवा आरपार जाते. आजच्या हिशेबाने बाहेरच्या भिंतीच्या दर मीटरला १५०० चौरस मिमी मोकळं तोंड हवं. थंड वारा येतो म्हणून या बुजवतात, किंवा मागे वाढीव खोली बांधताना काँक्रीटची जमीन ओतून मागचा मार्गच बंद करतात. मग पोकळीत कोंडलेली दमट हवा आधी तुळयांच्या भिंतीत घुसलेल्या टोकांना खाते.

फळी उचलून तीन जागा तपासा : तुळईचं भिंतीतलं टोक, मधल्या ठेंगण्या भिंतीवरची पट्टी, आणि धुराड्यासमोरची दगडी लादी टेकलेली जागा. ४ × २ इंचांच्या तुळया दर १६ इंचांवर असतात. टोक कुजलं असेल तर कुजकं कापून शेजारी नवी तुळई बोल्टने जोडा, टोक भिंतीत न घुसवता धातूच्या खोबणीत टेकवा. कापसासारखी पांढरी जाळी, राखाडी दोऱ्या आणि विटकरी भुकटी दिसली तर ती कोरडी कूज. ती विटकामातून पुढे सरकते, म्हणून बाधित लाकडाच्या पलीकडे निदान अर्धा मीटर तपासल्याशिवाय फळ्या परत ठोकू नका. नवी काँक्रीटची जमीन आधीच ओतलेली असेल तर तिच्याखालून १०० मिमीच्या नळ्या बाहेरपर्यंत न्याव्या लागतात. हे काम बांधतानाच केलं तर स्वस्त, नंतर फार जिकिरीचं.

तावदान

छपराबद्दल थोडं. २० × १० इंची चिप, ३ इंचांची चढ धरली तर चौरस मीटरला सुमारे १८ चिपा. दगड शतकभर टिकतो, लोखंडी खिळा नाही. खिळे गंजले की चिपा एकेक करून घसरतात. काढलेली प्रत्येक चिप बोटाच्या पेराने वाजवा : खणखणीत वाजली तर परत वापरा, भद्द वाजली तर तिचे पदर सुटलेत. नवा खिळा तांब्याचा.

चिपांचं वजन चौरस मीटरला ३० किलोच्या आसपास, काँक्रीटच्या कौलांचं ५० च्या आसपास. अनेक घरांच्या चिपा काढून काँक्रीटची कौलं घातली गेली आणि लगी (छपर पेलणारी लाकडं) त्याच राहिल्या. समोरच्या फुटपाथवरून आढ्याची रेघ बघा, मध्ये पोक आलं असेल तर पोटमाळ्यात जाऊन लग मोजा. तिथेच सामायिक भिंत आढ्यापर्यंत गेली आहे का तेही बघा. पुष्कळ रांगांत ती छताशीच थांबते आणि वर सगळ्या घरांचा एकच पोटमाळा असतो. आग लागली तर ती अख्ख्या रांगेत फिरते.

लीड्सकर

आतून ऊब वाढवण्याबद्दलही विचारणा होते. भरीव ९ इंची भिंतीचं यू-मूल्य (भिंतीतून ऊब किती निसटते याचं माप, कमी तितकं चांगलं) सुमारे २.१. चुन्याच्या मसाल्यावर ४० मिमी लाकूडतंतूचे तक्ते बसवले तर ०.७ च्या आसपास येतं, ६० मिमीला ०.५. अॅल्युमिनियम लावलेले फोमचे तक्ते कागदावर जास्त चांगले दिसतात, पण त्यांच्या मागे भिंत गारठते आणि वाफ तिथेच पाणी होते, नेमकी तुळयांच्या टोकांपाशी. पन्हाळ आणि दर्जा दुरुस्त होईपर्यंत कुठलाच तक्ता लावू नका.

वाडासंस्कृती

शेवटचा प्रश्न. जागा मिळावी म्हणून खालच्या खोलीतलं धुराडं काढायचं असेल तर?

ओळंबा

वरचं धुराडं आणि छपरावरचं नळकांडं कशावर टेकणार, हे आधी ठरवा. एक घनमीटर विटकाम म्हणजे १.९ टनांच्या आसपास वजन. भिंतीला टेकवलेल्या त्रिकोणी कंसांवर ते तोलायचं तर सामायिक भिंत किमान ९ इंची आणि चुन्याचा सांधा शाबूत हवा, शिवाय शेजाऱ्याने आपलं धुराडं काढलेलं नसावं. कित्येक नगरपालिका कंस मान्यच करत नाहीत, तिथे दोन भिंतींवर टेकणारी स्टीलची तुळई घालावी लागते. १९९६ च्या सामायिक भिंतीच्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. वरचं बंद धुराडं ठेवणार असाल तर वर टोपी आणि खाली जाळी अशी हवा खेळती ठेवा. आणि शेजाऱ्याची शेगडी चालू आहे का ते विचारून घ्या, कारण त्याचा धूर त्याच भिंतीतून वर जातो आणि मधला पडदा फक्त अर्ध्या विटेचा असतो.